मेदयुक्त यकृत आणि व्यायामाची मात्रा

पोटाच्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ हे शब्द वाचावयास मिळणे ही छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पुष्कळदा तपासणी पित्ताशयातील किंवा मूत्रपिंडातील खड्यांसाठी केलेली असते आणि यकृतातील मेद अनाहूतपणे सापडतो. रोग्यास वेदना नसते, कावीळ नसते, भूकही बेताची असते. डॉक्टरांचा सल्ला बहुधा एका वाक्याचा असतो : वजन कमी करा, चालावयास जा. रोगी काही आठवडे नेमाने चालतो, मधूनमधून वजनकाट्यावर उभा राहतो, काटा जागचा हललेला नाही असे पाहतो आणि चालणे सोडून देतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा सोडून दिलेला व्यायाम होय. तो सोडण्यामागे एक गृहीत असते : व्यायामाचा यकृतावर जो काही परिणाम व्हावयाचा तो वजन उतरल्यावरच होतो, एरवी नाही. गेल्या सुमारे दोन दशकांतील संशोधनापुढे हे गृहीत टिकत नाही. आणि ज्या प्रदेशात मेदयुक्त यकृताचे अनेक रोगी मुळात लठ्ठ नसतातच, तेथे तर ते विशेष घातक ठरते.

यकृताच्या ५ टक्के किंवा त्याहून अधिक पेशींत मेदाचे थेंब साठले म्हणजे यकृत मेदयुक्त झाले असे मानतात. मद्यपानाने असे होते हे जुने ज्ञान आहे. मद्य न घेणाऱ्यांतही हुबेहूब तशीच विकृती आढळते, ही गोष्ट वैद्यकाच्या ठळकपणे नजरेस आणली ती अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९८० साली त्यांनी अशा २० रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर चार दशके हा विकार ‘मद्येतर मेदयकृत’ या नकारात्मक नावानेच ओळखला गेला. जून २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ते नाव बदलून चयापचयातील बिघाडाशी त्याचे असलेले नाते सांगणारे नवे नाव स्वीकारले. नामांतराचे हे प्रकरण केवळ शब्दच्छल नव्हे. रोग काय नाही हे सांगणाऱ्या नावाकडून रोग काय आहे हे सांगणाऱ्या नावाकडे जाण्यास इतका काळ लागला, यावरून त्याचे मूळ यकृताबाहेर आहे ही जाणीव किती सावकाश रुजली ते दिसते. मेद साठलेल्या यकृतांपैकी काहींत पुढे दाह सुरू होतो, काहींत तंतुमयता येते आणि थोड्यांची गती सिऱ्होसिसपर्यंत जाते. परंतु या रोग्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण यकृत नसून हृदयविकार होय, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

महाराष्ट्रात या विकाराच्या प्रसाराची लोकसंख्येवर आधारलेली पाहणी मुंबईत झाली. डॉ. दीपक अमरापूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांच्या वसाहतींतील कुटुंबांची तपासणी करून २००७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २० वर्षांवरील व्यक्तींत सुमारे १९ टक्के, म्हणजे जवळजवळ पाचांत एक, असे प्रमाण त्यात आढळले. पुरुषांत ते स्त्रियांहून स्पष्टपणे अधिक होते. रुग्णालयात आलेल्यांची ही गणना नव्हे, घरी नांदणाऱ्यांची आहे, म्हणून तिचे मोल अधिक. खेड्यांत तरी हा विकार नसेल अशी समजूत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पश्चिम बंगालमधील पाहणीने दूर केली. तेथील ग्रामीण, बहुतांशी कष्टकरी आणि गरीब अशा १,९११ लोकांपैकी ८.७ टक्क्यांच्या यकृतात मेद सापडला. त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट ही की, त्या रोग्यांपैकी ७५ टक्क्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या वर्गाने वजनास भागून येणारा आकडा, २५ च्या आत होता आणि निम्म्याहून अधिकांचे पोटही सुटलेले नव्हते.

सडपातळ माणसाच्या यकृतात मेद कोठून येतो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना पुण्याचे नाव घ्यावेच लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नवजात अर्भकांपासून प्रौढांपर्यंत जे दीर्घकालीन अभ्यास केले त्यांतून ‘कृश पण मेदयुक्त’ भारतीय देहाची कल्पना पुढे आली. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मणारी बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने पुष्कळच हलकी असतात. परंतु हा हलकेपणा स्नायूंच्या आणि आतड्यांसारख्या अंतर्गत इंद्रियांच्या वाट्यास येतो, त्वचेखालील मेद मात्र बराचसा राखला जातो. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी एक छोटेसे, थोडे विनोदी टिपण प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातील मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांच्या बाबतीत ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या बाबतीत २१.२ टक्के निघाले. त्याची कारणे सुचविताना लेखकांनी याज्ञिकांच्या जन्मकालीन अल्प वजनाचा उल्लेख केला आहे. तसेच एक लेखक मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयातील लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी गाठण्यासाठी केलेली धावपळ, हेही मिस्किलपणे नमूद केले आहे. या टिपणाचा उपयोग बहुधा भारतीय देहाचे वैशिष्ट्य सांगण्यासाठी केला जातो. त्यातील व्यायामाविषयीचा भाग हसून सोडून दिला जातो, आणि वास्तविक जन्मकालीन वजन बदलता येत नसल्यामुळे विचार करण्याजोगा भाग तोच आहे.

वजनाच्या काट्याला न दिसणारी ही तफावत यकृतापर्यंत कशी पोहोचते याचा धागा येल विद्यापीठातील संशोधनात सापडतो. २००६ साली तेथील पीटरसन, शुलमन प्रभृतींनी तरुण, सडपातळ आणि निरोगी व्यक्तींची तुलना केली तेव्हा भारतीय वंशाच्या पुरुषांत इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती गौरवर्णीय पुरुषांच्या तिप्पट ते चौपट आणि यकृतातील मेद सुमारे दुप्पट आढळला. इन्शुलिनला प्रथम दाद देईनासा होतो तो स्नायू, असे या शाखेचे मत आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवून ठेवण्याचे मोठे कोठार म्हणजे स्नायू. ते कोठार उघडले नाही तर साखर यकृताकडे वळते आणि यकृत तिचे मेदात रूपांतर करते.

यकृतातील मेद तीन वाटांनी येतो. २००५ साली अमेरिकेत समस्थानिकांच्या साहाय्याने रोग्यांच्या यकृतातील मेदाचा उगम शोधण्यात आला, तेव्हा सुमारे ५९ टक्के मेद शरीरातील मेदसाठ्यांतून सुटलेल्या मेदाम्लांचा, २६ टक्के यकृताने साखरेपासून स्वतः तयार केलेला आणि केवळ १५ टक्के आहारातील तेलतुपातून सरळ आलेला निघाला. ‘तूप बंद केले, तरी लिव्हर फॅटी कसे?’ या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे. निरोगी माणसात दुसऱ्या वाटेने येणारा मेद फारच थोडा असतो; रोग्यांत तो चौथ्या हिश्शाच्या वर गेला आहे, हे विशेष.

व्यायाम या वाटांपैकी पहिल्या दोहोंवर कार्य करतो. स्नायू आकुंचन पावू लागला की साखर आत घेणारी द्वारे इन्शुलिनच्या आज्ञेची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर येतात. इन्शुलिनचा मार्ग बिघडलेला असतानाही हा दुसरा मार्ग शाबूत राहतो. व्यायामाच्या औषधी गुणाचे रहस्य मुख्यत्वे येथे आहे. शिवाय व्यायामात स्नायूंतील ग्लायकोजेन खर्ची पडते आणि रिकामे झालेले कोठार पुढील कित्येक तास साखर ओढून घेत राहते. २०११ साली येल येथेच इन्शुलिनला दाद न देणाऱ्या पण सडपातळ तरुणांना एकदाच ४५ मिनिटे व्यायाम करावयास लावून नंतर साखरयुक्त आहार देण्यात आला. एवढ्या एका व्यायामाने स्नायूंतील ग्लायकोजेनची निर्मिती कित्येक पटींनी वाढली आणि यकृतातील नवमेदनिर्मिती सुमारे ३० टक्क्यांनी घटली. एका दिवसात वजन घटण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्या वाटेवरील परिणाम सावकाश होतो. प्रत्यक्ष व्यायामाच्या वेळी मेदसाठ्यांतून मेदाम्ले अधिकच सुटतात, पण ती कामात असलेला स्नायू जाळून टाकतो. आणि काही आठवड्यांच्या सरावानंतर विश्रांतीच्या वेळचा अनावश्यक स्राव इन्शुलिनला पुन्हा रोखता येऊ लागतो.

हे झाले यंत्रणेविषयी. प्रत्यक्ष यकृतातील मेद उतरतो काय, याची परीक्षा सिडनी येथे २००९ साली जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी केली. बैठ्या सवयीच्या १९ स्थूल व्यक्तींपैकी काहींना चार आठवडे सायकलीचा व्यायाम देण्यात आला, इतरांना केवळ अंग ताणण्याचा. सायकल चालविणाऱ्यांच्या यकृतातील मेद पूर्वीच्या मानाने २१ टक्क्यांनी उतरला. वजन मात्र होते तेवढेच राहिले. दोन वर्षांनी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे वजने उचलण्याचा व्यायाम आठ आठवडे देऊन असाच प्रयोग झाला; तेथेही वजन न घटता मेद १३ टक्क्यांनी उतरला. हा दुसरा प्रयोग गुडघेदुखीमुळे चालू न शकणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रयोग लहान होते, अशी शंका कोणी घेतल्यास ती रास्त म्हटली पाहिजे. म्हणूनच २०२३ साली स्टाइन आणि सहकाऱ्यांनी केलेले १४ प्रयोगांचे, एकूण ५५१ व्यक्तींचे, एकत्रित विश्लेषण अधिक बोलके ठरते. एमआरआयने मोजलेला मेद निदान ३० टक्क्यांनी उतरण्याची शक्यता व्यायाम करणाऱ्यांत सुमारे साडेतीन पटींनी अधिक दिसली, आणि हा लाभ वजन घटण्यावर अवलंबून नव्हता. आठवड्यास सुमारे १५० मिनिटे झपाट्याने चालण्याइतकी मात्रा घेणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना तो मिळाला, त्याहून कमी मात्रा घेणाऱ्यांपैकी २६ टक्क्यांना.

सर्वच पुरावा एका बाजूस झुकतो असे मात्र नाही. चीनमधील शियामेन येथे २२० रोग्यांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाने प्रथम सहा महिने धावण्याचा जोरकस व्यायाम केला, दुसऱ्याने वर्षभर झपाट्याने चालण्याचा. दोन्ही गटांत यकृतातील मेद जवळजवळ सारखाच उतरला. चालणाऱ्यांचे नुकसान झाले नाही. परंतु वजनातील घट हिशेबात धरून गणित मांडले असता परिणामाचा मोठा भाग त्या घटीच्या खात्यावर जमा झाला. तेव्हा वजन गौण आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. दाह आणि तंतुमयता यांच्या बाबतीत तर वजनाचे माप निर्णायक दिसते. क्यूबामध्ये २९३ रोग्यांना आहार व व्यायाम यांचा वर्षभराचा कार्यक्रम देऊन आरंभी व शेवटी यकृताची बायॉप्सी करण्यात आली. १० टक्के किंवा अधिक वजन उतरविलेल्यांपैकी ९० टक्क्यांचा दाहयुक्त विकार नाहीसा झाला आणि ४५ टक्क्यांची तंतुमयता मागे हटली. केवळ व्यायामाने तंतुमयता मागे हटते असे म्हणण्याइतका पुरावा आज हाती नाही. मेद उतरविणे हे व्यायामाचे सिद्ध कार्य. व्रण पुसणे हे नव्हे.

सडपातळ रोग्याचे काय? त्याला १० टक्के वजन उतरवा असे सांगणे हास्यास्पद होईल. हाँगकाँग येथे वाँग आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्थूल आणि अस्थूल अशा दोन्ही प्रकारच्या रोग्यांना वर्षभर आहार-व्यायामाचा कार्यक्रम देण्यात आला. अस्थूलांपैकी ६७ टक्क्यांचे यकृत मेदमुक्त झाले. कार्यक्रम न मिळालेल्या अस्थूलांत हे प्रमाण १८ टक्के होते. निम्म्या अस्थूलांना त्यासाठी वजनाच्या केवळ ३ ते ५ टक्के घट पुरली, स्थूलांना ७ ते १० टक्के लागली. ६० किलोच्या माणसाच्या बाबतीत ३ टक्के म्हणजे दोन किलोंहूनही कमी. भरल्या पोटी आणि रिकाम्या पोटी केलेल्या वजनांतही पुष्कळदा जवळजवळ एवढा फरक पडतो!

काटा असा अविश्वासार्ह साक्षीदार ठरतो, तर दुसरा साक्षीदार म्हणजे फेरतपासणीची सोनोग्राफी. यकृतात २० ते ३० टक्क्यांहून कमी मेद असल्यास नेहमीच्या सोनोग्राफीला तो खात्रीने दिसत नाही आणि तिची प्रतवारीही पाहणाऱ्याच्या नजरेवर बरीच अवलंबून असते. सिडनीच्या प्रयोगात दिसली तेवढी घट झाली असतानाही अहवालात पुन्हा ‘ग्रेड वन’च छापून येऊ शकते. रोग्याच्या दृष्टीने हा दुसरा निरुत्साह. घरच्या घरी उपलब्ध असणाऱ्या मापांत कमरेचा घेर, विश्रांतीच्या वेळची नाडी आणि ठराविक वेळात चालून जाणारे अंतर ही मापे व्यायामाचा परिणाम त्याहून लवकर सांगतात.

मात्रेचा प्रश्न येथे वेगळा घेतला पाहिजे. मराठी घरांत जेवणानंतर शतपावली घालण्याचा रिवाज जुना आहे. मिनिटास सुमारे १०० पावले ही गती मध्यम तीव्रतेच्या चालण्याची किमान मर्यादा मानली जाते. म्हणजे शतपावली ही अवघ्या एका मिनिटाची मात्रा झाली. आठवड्याच्या १५० मिनिटांसाठी दिवसास ३० मिनिटे आणि पाच दिवस हे गणित धरले तर रोज ३,००० पावले, तीही रमतगमत नव्हे. बोलता यावे पण गाता येऊ नये, ही या गतीची सोपी खूण. आठवड्यातून दोनदा बैठका, भिंतीला हात टेकून काढलेले जोर, किंवा वजन उचलण्याचा व्यायाम यांची जोड असावी. मधुमेहाची काही औषधे घेणाऱ्यांनी साखर एकदम उतरण्याचा धोका ओळखावा. छातीत दुखत असल्यास आधी हृदयाची तपासणी करावी. सिऱ्होसिस झालेल्यांनी श्वास रोखून जड वजने उचलू नयेत.

‘दिवसभर कामच तर करतो, आणखी व्यायाम कशाला?’ हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो, स्त्रियांकडून विशेष. त्यात तथ्य नाही असे नव्हे. यकृताला श्रम आणि व्यायाम यांतील भेद कळत नाही. पण काम बदलले आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत जाणारा कामगार कंपनीच्या बसने जातो, पाळीभर यंत्रापाशी उभा राहतो आणि बसनेच परत येतो. उभे राहणे थकविते, पण मोठ्या स्नायूंना कामास लावीत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, महाराष्ट्राचाही समावेश असलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक लोक शारीरिक दृष्ट्या निष्क्रिय ठरले आणि महाराष्ट्रातील सुमारे ९१ टक्के लोकांनी फुरसतीच्या वेळी कोणताही व्यायाम करीत नसल्याचे सांगितले. मराठवाड्याच्या उन्हाळ्याचाही विचार केला पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा चालण्यास पहाटेचीच वेळ उरते, आणि रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला किंवा डबे भरणाऱ्या गृहिणीला नेमकी तीच वेळ मोकळी नसते. सल्ला देणाऱ्याने ही अडचण न विचारता लिहून दिलेली ३० मिनिटे कागदावरच राहतात. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे चालतात, घरातल्या घरात केलेले सूर्यनमस्कार चालतात, जिना चालतो.

औषधे आता आली आहेत. भारतात सारोग्लिटाझार या औषधास या विकारासाठी २०२० साली मान्यता मिळाली; अमेरिकेत रेस्मेटिरोमला मार्च २०२४ मध्ये आणि सेमाग्लुटाइडला ऑगस्ट २०२५ मध्ये. अमेरिकेतील दोन्ही मान्यता आहार व व्यायाम यांच्या जोडीने औषध घ्यावे अशा आहेत, त्याऐवजी नव्हे. औषधाने वजन उतरते तेव्हा मेदाबरोबर स्नायूही काही प्रमाणात उतरतो. मुळातच स्नायू कमी असलेल्या आपल्याकडील रोग्यास तो गमावणे परवडणारे नाही, आणि तो राखण्याचा उपाय पुन्हा व्यायामाकडेच नेतो.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये मेदयुक्त यकृताचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. त्यामुळे कमरेचा घेर मोजणारी आशा कार्यकर्ती ही या विकाराची पहिली तपासनीस ठरली आहे. मात्र वर उल्लेखिलेले व्यायामाचे प्रयोग सिडनी, न्यूकॅसल, शियामेन आणि हाँगकाँग येथील लोकांवर झालेले आहेत. त्यांतील आकडे पैठण किंवा कन्नड तालुक्यातील ५५ किलो वजनाच्या शेतमजुरास जसेच्या तसे लावणे शास्त्रीय ठरणार नाही. असा प्रयोग येथे करण्यास परिस्थिती प्रतिकूल नाही. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र विद्यापीठाच्या आवारातच आहे, आणि शहरात ‘घाटी’ म्हणून ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय १९५६ पासून साऱ्या मराठवाड्यातील रोग्यांची सेवा करीत आहे. बीएमआय २३ च्या आत असलेल्या रोग्यांचे दोन गट, एकास देखरेखीखाली बारा आठवडे चालण्याचा व बैठकांचा व्यायाम, दुसऱ्यास नेहमीचा सल्ला, आणि आरंभी व शेवटी एमआरआयने मेदाचे मापन, एवढी त्याची साधी मांडणी पुरेल. त्यात सहभागी होणाऱ्यांचे वजन पहिल्या आणि शेवटच्या दिवशी घ्यावे, मधल्या काळात कोणास काट्यावर उभे करू नये.